चार्जिंगचे सेल

घड्याळजींनी चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून गावभरची घड्याळं ताळ्यावर आणली, आणि साठी उलटल्यावर त्यांच्याच डोळ्यांनी दगा दिला. डोळ्यांचे पडदे मधोमध झिजले. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच धुक्यात जाई. दारात कोणी आलं की चपला दिसत, तोंड दिसत नसे. दुकान बंद झालं. मग ते दिवसभर खिडकीपाशी बसून शर्टाचं बटण बोटांत फिरवत राहायचे, चावी दिल्यासारखं.

अशात लेकीने आपला जुना डिजिटल कॅमेरा आईला दिला. घड्याळजींनी तो सहज चाळा म्हणून हातात घेतला, भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करत करत नाकाशी नेला. आकडे बोराएवढे झाले. मान तिरकी करून कडेच्या नजरेने त्यांनी तारीख वाचली, मोठ्याने. बायको पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली.

तेव्हापासून कॅमेरा त्यांच्या गळ्यातच. औषधाच्या बाटल्या, पेपरातले मथळे, शेजारच्या मास्तरांची दाढी, सगळं आधी फोटोत आणि मग नजरेत. पण स्क्रीन सतत चालू, त्यामुळे नवे पेन्सिल सेल दीड दिवसात मान टाकायचे.

बायको कॅमेऱ्याच्या दुकानात चौकशीला गेली. दुकानदारीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. वर्षातून दोनदा कपाटातून निघणारा कॅमेरा असेल तर साधेच सेल बरे, त्या म्हणाल्या. चार्जिंगचे सेल नुसते पडून राहिले तरी हळूहळू उतरतात. पण रोजच्या वापराला चार्जिंगचेच घ्या, एक जोडी पाचशे वेळा तरी भरता येईल.

घरी येऊन तिने हे सांगितलं, तर घड्याळजींनी मानच हलवली. साधेच आण म्हणाले. तिला वाटलं, कंजूसपणा. तिने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. मग ते हळूच बोलले.

"अगं, पाचशे वेळा भरायला तेवढे दिवस डोळे नकोत का? आहे तेवढं साध्यावर निभेल."

हा माणूस रोज सकाळी उठून आधी नजर किती उरलीय ते चाचपून बघतो, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने त्यांच्या शेजारी बूड टेकलं.

"अहो, कडेचं जाणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. मी होते ना बरोबर."

"म्हणाले खरं."

"मग? डॉक्टरांचं खोटं आणि तुमचं खरं?"

संध्याकाळी ती चार सेल आणि चार्जर घेऊन आली, न विचारता. घड्याळजी थोडा वेळ फुगून बसले. पण हातातला कारागीर कुठे गप्प बसतो? नवे सेल आधी पूर्ण भरायचे, जोड्यांची सरमिसळ करायची नाही, हे दुकानातून आलेलं ज्ञान त्यांनी बायकोकडून दोनदा वदवून घेतलं. मग एका जोडीला दोऱ्याचा एकेक वेढा चिकटवला, बोटाला कळेल असा. एक जोडी कॅमेऱ्यात, दुसरी चार्जरमध्ये. आठवड्याभरात कोणती जोडी आधी दमते हेही त्यांना पाठ झालं, आणि मास्तर आले की ते त्यांना चहा येईपर्यंत हेच ऐकवू लागले.

एका दुपारी ती भाजी निवडत बसली होती. त्यांनी तिच्या अगदी जवळ येऊन फोटो काढला. केस विंचरलेले नाहीत, असं ती कुरकुरली. त्यांनी ऐकलं नाही. कपाळ, कान, हनुवटी असा एकेक तुकडा मोठा करत ते तिचा चेहरा फिरून आले. बराच वेळ लागला. आता सेल संपायची धास्ती नव्हती.

"भुवया पिकल्या की गं तुझ्या," ते म्हणाले. "कधी?"

"तुम्ही घड्याळांत डोकं घालून बसला होतात तेव्हा."

ते हसले. "शोभतात," म्हणाले, आणि तिला जरा उजेडाकडे तोंड करायला सांगितलं. तिने भाजीचं ताट बाजूला सारलं आणि खिडकीकडे वळून बसली.