वांग्यातली कीड ऐकणारं मशीन

“मॅडम, हे तुम्हाला पटायचं नाही. आजवर कोणालाच पटलेलं नाही,” असं म्हणून बद्रुद्दीनने छातीवर हात ठेवला. त्याने छातीवर हात ठेवला की पुढचं सगळं पदरचं, हे द्वारका चौकातल्या कुठल्याही पानवाल्याने सांगितलं असतं. पण साल होतं नव्याण्णव, समोर होत्या परवाना कचेरीच्या शुभांगी मॅडम, आणि पाचला वीस मिनिटं कमी होती. पाचला त्याच्या अर्जाचा निकाल.

भानगड अशी की नव्या कायद्याने कान तपासायला आणि तोतऱ्यांची वाचा सुधारायला पदवी लागायला लागली होती, वर परवाना. बद्रुद्दीनकडे पदवी नव्हती. द्वारकेवर गाळा होता आणि गाळ्यात कानाची मशीनं होती. जुन्या माणसांना मात्र सूट होती: कायद्याआधीचा एक पेशंट आणा आणि तो तुमच्याच मशीनने ऐकतोय हे कचेरीत दाखवा. नाहीतर गाळ्याला सील.

म्हणून त्याने हरसूलहून गोजराबाईला आणलं होतं. तिथल्या आठवडे बाजारात वांगी विकणाऱ्या या म्हातारीला त्याने नव्वद साली मशीन बसवलं होतं. डबी पोलक्याच्या खिशात, वायर कानात. मॅडमनी दहा फुटांवरून तिला नाव विचारलं. गोजराबाई छताच्या पंख्याकडे बघत राहिली. शिपाई सोमाने तिच्या पाठीमागे जेवणाच्या डब्याचं झाकण बडवलं. तरी पंखाच.

मशीन तिच्या बटव्यात होतं. सेल उगाच जळू नये म्हणून ती गिऱ्हाईक आलं की लावायची आणि गिऱ्हाईक गेलं की काढायची. कचेरीत कोणी वांगी मागितली नव्हती.

बद्रुद्दीनने खुणेसाठी हात उचलला, तशी मॅडमनी नियमावली उघडली. अर्जदाराने खूण करायची नाही, पेशंटला हात लावायचा नाही; पेशंटने आपण होऊन लावलेलं मशीनच वापरात धरलं जाईल. बद्रुद्दीनने विचारलं, बोललं तर चालेल का. बोलण्यावर नियमात काही नव्हतं.

मग काय, सुटलाच तो. म्हणाला, हरसूलच्या कोंडाजीला मशीन असं लागू पडलं की ओझरच्या कारखान्याचा भोंगा त्याला वाजायच्या पाच मिनिटं आधी ऐकू यायचा. आधी कसा, असं सोमाने विचारलं, तर म्हणे मशीन जरा पुढे होतं, नंतर मागे करून दिलं. कोंबडी अंडं घालायचा नुसता विचार करायला लागली तरी कोंडाजी टोपली घेऊन उठायचा. एकदा तिने विचार बदलला, तेही त्याला ऐकू आलं.

सोमा पोट धरून हसायला लागला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. गोजराबाईने एकदा सोमाकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे, आणि मग स्वतःचा पदर नीट केला. चारचौघं हसतायत म्हणजे आपल्यालाच हसत असणार, असं तिला वाटलं. तिचा हात बटव्यात गेला. आधी सुपारी निघाली, मग अडकित्ता, मग डबी, शेवटी चिंधीत गुंडाळलेला सेल.

बद्रुद्दीनने तिकडे मान वळवली नाही. पाचला चार मिनिटं होती. सेल बसल्याचा बारीक आवाज आला, मग वायर सरकली, तसा तो घसा खाकरून म्हणाला, “आता या मावशींचंच बघा मॅडम. यांना वांग्यात कीड चालते ती ऐकू यायची. वांगं कानाशी धरायच्या आणि म्हणायच्या, यात चौदा. फोडलं की चौदाच. सगळ्या बाजारात कीड असायची ती फक्त यांच्या टोपलीत, त्यामुळे सराव दांडगा.”

“ए बद्रू, लय झालं,” गोजराबाई म्हणाली. “खोटं बोलतो हा, बाई. माझ्या वांग्यात कधीच कीड नव्हती.”