सुंदरबाईने वल्हे धरले तो दिवस

मित्रांनो, पुनर्वसनाच्या वस्तीत केवळरामच्या घरामागे उपडी पडलेली जी लाकडे तुम्हाला दिसतात, ते सरपण नव्हे. तो मी आहे, एक जुना डोंगा. इथे जवळपास पाणीच नाही, म्हणून पुष्कळांना मी ओळखूही येत नाही.

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात धनीरामने मला घडवले. सागाच्या फळ्यांवर त्याने स्वतः रंधा फिरवला, सांध्यांत कापूस ठासला, वरून गरम डांबर फिरवले. वैनगंगेच्या काठचे आमचे गाव. त्यात ख्रिस्ती घरे चारच, एक धनीरामचे. मला पाण्यात सोडण्याआधी धनीराम आणि त्याची बायको सुंदरबाई, दोघांनी माझ्या कडेवर हात ठेवून प्रार्थना केली. दोघे ढिवर, मासे धरणारे; तो जाळे टाकी आणि ती वल्हे मारी. काठावरचे लोक माझ्या चालीचे कौतुक करत. मला त्याचा गर्व होता.

चौथ्या वर्षी श्रावणात नदीला अचानक लोंढा आला आणि मी उलटलो. सुंदरबाईने माझी कड घट्ट धरली. धनीरामच्या हाती कड आली नाही. तिसऱ्या दिवशी तो खालच्या अंगाला बाभळीत अडकलेला सापडला. नदीकाठच्या टेकाडावर ख्रिस्ती लोकांची दफनभूमी होती. तिथे त्याला पुरले आणि उशाशी लाकडी क्रूस रोवला.

त्या दिवसापासून सुंदरबाई घाटावर आली नाही. धनीरामचा धाकटा भाऊ केवळराम मला चालवू लागला. बायका हसत, "ढिवराची बाई अन् पान्याले भेते!" दर रविवारी ती प्रार्थनाघरात गुडघे टेकून एकच मागणे मागे, की प्रभू, माझे भेव काढून घे. वर्षे गेली. भेव काही गेले नाही.

मग नदीवरच्या नव्या धरणात पाणी अडू लागले. गाव उठले, नव्या वस्तीत पत्र्याच्या घरांत गेले. जुन्या गावाभोवती पाणी चढत होते आणि मी त्याच्या काठाला बांधलेला असे. केवळराम म्हणाला होता, "वहिनी, येत्या शनिवारी दादाचा क्रूस उपटून आनतो." ती तेवढ्यावर दिवस काढत होती.

शनिवार उजाडायचाच होता. गुरुवारी सकाळी शेजारची पंचफुला रडत तिच्या दारी आली. तिची सासू रुखमिणी, डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी, कुणाला न सांगता जुन्या घरी परत गेली होती. ती माझ्यासमोरूनच गेली, तेव्हा वाटेवरचे पाणी घोट्याएवढेच होते. आता घराला चहूकडून वेढा पडला होता. केवळराम एसटीने लाखांदूरला गेलेला. बाकीचे पुरुष कामावर.

"वल्हं धरता येते अशी तूच हायस वो, सुंदरबाई," पंचफुला म्हणाली.

सात वर्षांनी ती माझ्याजवळ आली. पहिल्या दिवशी ठेवला होता तसाच तिने माझ्या कडेवर हात ठेवला. तिने डोळे मिटले. "प्रभू, एवढे वर्स मागतलं, भेव काढ म्हनून. आता नाही मागत. राहू दे भेव. तू फक्त माह्यासंगं चाल."

आणि ती चढली.

दात वाजत होते, तरी वल्हे चालत होते. वाटेत टेकाड लागले. गावाहून ते सखल, म्हणून आधीच बुडाले होते. धनीरामचा क्रूस तेवढा छातीभर वर होता. तिने एकदा पाहिले आणि ती वल्हे मारत पुढे गेली.

रुखमिणी ओट्यावर बसली होती. पाणी पायरीवर आले होते.

"कोन हाय?"

"मी सुंदरबाई. चाल वो माय."

"कायले आली पोरी? तुले तं पान्याचं भेव लागते."

"लागते. अजून लागून राहिलं. तू बस."

ती बसली आणि आम्ही वळलो. घराची मातीची भिंत मागे कोसळली. लाट आली, माझ्या जुन्या सांध्यातून पाणी झिरपू लागले. टेकाडाजवळ सुंदरबाईने मला थांबवले.

"काहून थांबली वो?" म्हातारीने विचारले.

"माहा मानूस हाय अठी."

तिने हात लांब करून क्रूस धरला, ओढला. तो पक्का रुतलेला होता. मी एका अंगाला कलंडलो. रुखमिणी किंचाळली, तिने माझी कड पकडली. अगदी तशीच पकड मी पूर्वी एकदा अनुभवली होती. सुंदरबाईने तिच्याकडे पाहिले आणि क्रूस सोडला.

"येतो जी," एवढेच ती धनीरामला हळू म्हणाली. मग काठापर्यंत तिने वल्हे थांबवले नाही.

शनिवारी केवळराम मला घेऊन गेला तेव्हा तिथे फक्त पाणी होते. आणि रुखमिणी? नव्या वस्तीत तिचे मन लागले नाही. दिवाळीच्या आधीच ती गेली. पण लेकासुनेच्या मांडीवर गेली. सुंदरबाई तिच्या उशाशी बसून होती.

मागच्या हिवाळ्यात सुंदरबाईही गेली. तिला वस्तीजवळच्या मुरमाड जागेत पुरले. धनीराम पाण्याखाली, ती कोरड्या जमिनीत. मला पुन्हा एकदा तिला पाण्यावरून त्याच्याकडे न्यायचे होते, पण माझ्या फळ्या उकलल्या आहेत.

मित्रांनो, डांबराचा एक हात वेळेवर मिळाला तर माझ्यासारखे म्हातारे डोंगे पुष्कळ वर्षे तरतात. माझे आता झाले. तुमच्या दारातल्या जुन्या वस्तूंकडे मात्र बघत जा. आणि कुणी भ्याले तर हसू नका. सुंदरबाई शेवटपर्यंत पाण्याला भ्यायली. त्या गुरुवारीही भ्यायली होती. तरी ती एकटी नव्हती; तिने प्रभूला संगं बोलावले होते. जाताना तिच्या समोरची फळी रिकामी होती, पण मला ओझे दोघांचे लागत होते.