भाषण सुरू झाले की वाजणारी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवघरातली नाही की शाळेतली नाही. एका कारागिराने मला मुठीत मावेल एवढीच घडवली आणि माझी नेमणूक झाली चित्रपटांना पारितोषिके देणाऱ्या समितीच्या अंधाऱ्या खोलीत.

समितीच्या अध्यक्ष होत्या बाई. चित्रपटातली माणसे आपली गोष्ट सोडून राजकारणाचा प्रचार करू लागली, की बाई मला वाजवत. ज्या चित्रपटात मी फार वाजे, तो मागे पडे.

एकदा मी वाजले, तेव्हा शेजारच्या खुर्चीतले समितीचे वकीलसाहेब कुजबुजले, "अहो बाई, पडद्यावरचा हा तर तुमच्याच मनातलं बोलतोय."

"म्हणून तर वाजवली," बाई म्हणाल्या. "आपल्याला पटलं की भाषणसुद्धा गोष्टीसारखं गोड लागतं."

सगळे हसले. तेव्हा माझे फार कौतुक होते.

मग वारे फिरले. सत्तेतल्या मंडळींनी काढलेला एक चित्रपट आला. त्या दिवशी दोन अनोळखी माणसे मागे येऊन बसली. त्यांनी दाराला आतून कडी लावली. वकीलसाहेब पाणी प्यायला गेले, तर पेला दातांवर वाजला.

पडद्यावर एक आई तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसली होती. कपाळावर ओली पट्टी ठेवता ठेवता ती उठली, आमच्याकडे वळली आणि सत्तेतल्या मोठ्या साहेबांच्या कामगिरीवर बोलू लागली. बोलतच राहिली.

बाईंचा घामेजलेला हात माझ्यावर आला. 'नको बाई, आज नको,' मी मनात म्हणत होते. पण त्यांनी मला उचलले आणि वाजवले.

चित्रपट थांबवला गेला. "काय खटकलं बाई?" मागून एकाने अगदी हळू विचारले.

"त्या मुलाचा ताप उतरला का?"

"कुठलं मूल?"

"बघा, तुम्हीसुद्धा विसरलात," बाई म्हणाल्या.

दिवे लागले, तेव्हा वकीलसाहेबांची खुर्ची बाईंपासून बरीच लांब सरकली होती.

आठवड्याभरात बाईंना समितीतून काढले. त्या चित्रपटाला पहिले पारितोषिक मिळाले. मी भंगारातच जाणार होते, पण बाईंनी मला पिशवीत घालून घरी आणले. त्यांच्या यजमानांनी माझ्या आतल्या लोखंडी लोलकाला फडके गुंडाळले. "राहू दे कपाटात," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर नव्हतीच म्हण."

तेव्हापासून मी चादरींच्या घडीखाली आहे. दाराशी कोणी थबकले, की घरातले बोलणे बंद होते. कधीतरी बाई मला काढून पुसतात, पण लोलक बोटांत घट्ट धरून.

मित्रांनो, काळवंडलेले पितळ घासून उजळते. पण लोलक हललाच नाही, तर तो जागच्या जागी गंजतो. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला जपा आणि भीती वाटली तरी अधूनमधून वाजवा.

आता थांबते. जिन्यात पावले वाजताहेत.