आठव्या होडीची पट्टी

ट्रक शनिवारी सकाळी नऊला येणार होता. शुक्रवारी दुपारी क्लबच्या लाकडी खोलीत आठही मालक जमले, कॉफी झाली, दालचिनीचे चिकट बोलुस पाव खाऊन सगळ्यांनी बोटं चाटली, आणि क्राइननं यादी वाचायला घेतली. आठ नव्या कॅटामरान, म्हणजे दोन-दोन सांगाड्यांच्या शिडाच्या होड्या, एकाच ट्रकमधून यायच्या होत्या. सोळा निमुळते सांगाडे, आठ डोलकाठ्या, शिडं, सुकाणू, शिवाय पिना-कड्यांची खोकी, सगळं सुटं. ते एकाच दिवशी, एकाच वाळूवर, सगळ्यांनी मिळून जोडायचं, ही वाल्खरेनच्या या डच किनाऱ्यावरची रीत होती.

"एका सांगाड्याला चार माणसं," क्राइन म्हणाला. "आपटला तर ओरखडा तुमच्याच होडीला. खाली अंथरायला गाद्या कोण आणतंय?"

"मी आणतो, सासूची," अध्यक्ष हुइब म्हणाला.

"गादी की सासू?"

"गादीच रे. सासू अजून वापरात आहे."

खोली हसली. क्राइन हसला नाही. यादीत एकच ओळ उरली होती आणि ती वाचणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"पट्ट्या," तो म्हणाला. "यंदा पट्ट्यांचं काम दुसऱ्या कोणी घ्या. माझी नजर पहिल्यासारखी राहिली नाही."

"तुझी नजर?" हुइबनं हात झटकला. "गेल्या उन्हाळ्यात बांधावर बसून माझ्या शिडातली घडी दिसली तुला! वरून चार शिव्याही घातल्यास. भाव खाऊ नकोस."

"माझ्या होडीला क्राइनच लावेल," खिडकीपाशी बसलेली पीटरनेल म्हणाली. "लीवन म्हणायचा, क्राइनची पट्टी नसेल तर मी पाण्यात पाय घालणार नाही."

मेलेल्या नवऱ्याचं नाव बायकोनं घेतल्यावर कोण काय बोलणार! क्राइननं पट्ट्यांपुढे स्वतःचं नाव लिहिलं.

या होड्यांची डोलकाठी दोन्ही बाजूंच्या दोन तारांवर उभी असते. तार अडकवलेली असते एका पिनेत, आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला असते नखाएवढी कडी. एखादा दोर त्या कडीत अडकला की कडी उघडते, पिन निसटते, आणि डोलकाठी शिडासकट खाली येते. म्हणून कडीवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळायची. ती आपल्या होडीवर आपण लावायची नाही, दुसऱ्यानं लावायची, आणि लावणाऱ्यानं पट्टीवर आपल्या नावाचं अक्षर लिहायचं. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत, म्हणून हा नियम. गेली एकोणीस वर्षं बहुतेक पट्ट्यांवर क्राइनचंच अक्षर असे, आणि त्याचा त्याला चांगलाच तोरा होता.

गेल्या सप्टेंबरात शर्यतीच्या मध्यावर लीवनची डोलकाठी पडली. तो शिडाखाली अडकला. बचावाची बोट पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लाटांनी होडी किनाऱ्यावरच्या लाकडी खांबांवर आपटून तिचे तुकडे केले, त्यामुळे काय तुटलं ते कधी कळलंच नाही. तार होडीला धरून ठेवणारा लोखंडी पत्रा फाटला असणार, असं आधी हुइब म्हणाला, मग सगळेच म्हणू लागले. होड्याच निकृष्ट, असं ठरलं. सभा झाली, उरलेल्या जुन्या होड्या आतल्या तळ्यांवरच्या लोकांना विकल्या, आणि दुसऱ्या कारखान्याला आठ नव्या सांगितल्या. त्या सभेत हात वर करणाऱ्यांत क्राइनही होता.

सगळे गेल्यावर तो आणि पीटरनेल शेडमध्ये जागा करायला थांबले. दोघांनी जुनी सतरंजी पसरली, सांगाडे टेकवायचे लाकडी घोडे ओळीनं लावले. ती दोन्ही टोकं ताणून धरायची आणि तो मधल्या सुरकुत्या पायानं सारखा करायचा. बाहेर ओहोटी लागली होती.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "आईलासुद्धा सांगितलेलं नाही."

"सांग की."

"त्या सकाळी आम्ही भांडलो होतो. मला आइंडहोवनला नोकरी लागली होती, आणि त्याला न विचारता मी हो म्हणून टाकलं होतं. समुद्र सोडून राहायचं म्हणजे त्याला... तुला माहीतच आहे. एक शब्द बोलला नाही. हातमोजे टेबलावर विसरून गेला. लीवन हातमोजे विसरला, क्राइन! जो होडीभोवती दोनदा फिरल्याशिवाय निघत नसे." तिनं सतरंजीचं टोक खाली ठेवलं. "सगळे म्हणतात पत्रा फाटला. मला ते कधी पटलं नाही. त्या दिवशी तो फिरलाच नसणार. डोक्यात माझंच बोलणं घेऊन गेला तो. म्हणून मी नोकरी नाकारली. म्हणून क्लबातली त्याची जागा मी घेतली. ज्या समुद्रापासून त्याला ओढून नेणार होते, तिथंच राहीन म्हटलं. तेवढी शिक्षा तरी मला हवी."

क्राइन लाकडी घोड्यावर बसला. सात महिने तो स्वतःला समजावत आला होता, की आता बोलून कोणाचं भलं होणार आहे? मेलेला परत येत नाही, बायकोला उगाच नवा घाव. फार शहाणपणाचं वाटायचं ते. आणि हिनं तर केव्हाच स्वतःला दोषी ठरवून शिक्षासुद्धा सुरू केली होती.

"तो फिरला होता," क्राइन म्हणाला.

"काय?"

"एक चक्कर झाली होती त्याची. दुसरीला निघाला तेव्हा मी त्याच्या होडीपाशीच होतो. डाव्या बाजूची पट्टी लावली आणि गुंडाळी संपली. नवी क्लबच्या खोलीत होती. वाळूतून यायला-जायला पाच-सहा मिनिटं, आणि शर्यतीचा भोंगा वाजायला आलेला. त्यानं विचारलं, क्राइन, झालं का रे? मी म्हटलं, झालं. मग त्यानं दुसरी चक्कर मारलीच नाही. मी झालं म्हटल्यावर कशाला मारेल?"

ती सतरंजी ओलांडून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"उजवी बाजू उघडी होती, पीटरनेल. मला वाटलं, एक दिवस पट्टी नसली म्हणून काय होतंय."

"सात महिने," ती म्हणाली. आवाज चढला नाही, त्याचीच क्राइनला जास्त भीती वाटली. "दर शनिवारी यायचास तू. माझी पन्हळ दुरुस्त केलीस. माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातचं वाटाण्याचं सूप प्यायलास. मी तुझ्यासमोर रडायचे आणि तू म्हणायचास, पत्रा फाटला पोरी, कोणाचाच दोष नाही."

"हो."

"हो काय! हो काय म्हणतोस?"

तिनं कोट घातला. दारात थांबून ती म्हणाली, "उद्या ट्रकचं दार उघडायच्या आधी सगळ्यांना सांगायचं. तू सांगायचंस. तुझ्या वतीनं मी तोंड उघडणार नाही."

शनिवारी ट्रक वेळेवर आला. ढग खाली उतरले होते, वारा बोचरा होता. ड्रायव्हर दाराच्या कडीला हात घालणार तोच क्राइन म्हणाला, "एक मिनिट," आणि सगळ्यांसमोर उभा राहून त्यानं सांगून टाकलं. डावी बाजू, संपलेली गुंडाळी, आणि लीवनला 'झालं' म्हणून सांगितलेलं. पाच वाक्यांतच सगळं सांगून झालं. एवढ्यासाठी त्यानं सात महिने घेतले होते.

"म्हणजे," हुइब म्हणाला, "जुन्या होड्या चांगल्या होत्या?"

"चांगल्या होत्या."

कोणी शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ड्रायव्हरनं विचारलं, "उतरवायचं आहे की नाही?" आणि माणसं कामाला लागली. सासूची गादी आली, तिच्यावर आज कोणी बोललं नाही. एका सांगाड्याला चार माणसं लागत होती, पण तिघंच धडपडत असतानाही त्याला कोणी हाक मारली नाही. जा असंही कोणी म्हणालं नाही. तो रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे गोळा करत राहिला. दुपारी सूप वाटलं गेलं तेव्हा तो मुद्दाम पुठ्ठे घेऊन शेडच्या मागे गेला.

तीनपर्यंत आठही डोलकाठ्या उभ्या राहिल्या. मग पट्ट्यांची वेळ आली. हुइबनं शेजारच्याच्या होडीला लावली, शेजाऱ्यानं पुढच्याच्या. अशा सात झाल्या. आठवी पीटरनेलची. तिच्यापाशी कोणी गेलं नाही. एकाला अचानक गाडीत काहीतरी आणायचं आठवलं, दुसरा आधीच घट्ट असलेली गाठ पुन्हा घट्ट करू लागला, हुइब ड्रायव्हरचे कागद वाचत उभा राहिला. त्या बाईच्या होडीवर स्वतःचं अक्षर लिहायची छाती कोणाची होणार! कालपर्यंत हीच माणसं तिच्यासाठी जीव टाकत होती.

ती थोडा वेळ वाट बघत उभी राहिली. मग तिनं हुइबच्या खोक्यातून गुंडाळी घेतली आणि पट्ट्या स्वतःच लावल्या, डावीकडे आणि उजवीकडे. नियम मोडला गेला तरी कोणी हूं की चूं केलं नाही. पट्टीवर तिनं अक्षर लिहिलं नाही.

"क्राइन," तिनं हाक मारली.

तो पुठ्ठे टाकून आला. सगळ्यांच्या नजरा पाठीला लागल्याचं त्याला कळत होतं.

"बघ," ती म्हणाली. "दुसऱ्यानं बघायचं असतं ना? बाकी कोणी येत नाही."

तो गुडघ्यांवर बसला. डावी कडी अंगठ्यानं चाचपली, पट्टीखाली ती हलत नव्हती. मग होडीला वळसा घालून उजवीकडे आला आणि तिथं बराच वेळ अंगठा दाबून धरला. पट्टी छान बसली होती. त्यानंही कधी इतकी सफाईदार लावली नसेल.

"दोन्ही नीट आहेत," तो म्हणाला.

पीटरनेलनं मान हलवली. मग ती स्वतः वाळूत बसली आणि उजवी कडी चाचपली. उठून डावीकडे गेली, ती चाचपली. पुन्हा उजवीकडे आली. तिला जागा व्हावी म्हणून क्राइन बाजूला सरकला.