भाताची शिट्टी

सिल्व्हर पार्कमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात फ्रिजच्या दारावर दोन कागद चिकटवलेले होते. एक आठवड्याच्या जेवणाचा, आणि शेजारी निहारच्या शू-शीचा. दोन्ही रसिकाने पट्टी घेऊन आखलेले. रसिकाला आखायची भारी हौस. स्वतःच्या लग्नात कोणी कोणत्या टेबलावर जेवायचं हेसुद्धा तिनेच ठरवलं होतं. निहार मात्र अडीच वर्षांचा होता आणि त्याला कागद वाचता येत नव्हता.

या वेळी नुसत्या हौसेचा मामला नव्हता. अंधेरीच्या ऑफिसने तिची रजा दोनदा वाढवून दिली होती, तिसऱ्यांदा देणार नव्हतं. पंधरा दिवसांनी सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि कोपऱ्यावरच्या दिवसभराच्या प्लेस्कूलचा नियम एकच, डायपरवालं मूल घेणार नाही. सासूबाईंच्या, म्हणजे अनसूयाबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. बसल्या जागी त्या ढीगभर मेथी निवडतील, पण निहारच्या मागे धावणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. थोडक्यात, रसिकाची नोकरी त्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या पॉटीवर अवलंबून होती.

पहिले चार दिवस दोन्ही कागदांनी सपाटून मार खाल्ला. सोमवारी भरली वांगी लिहिली होती. वांगी कढईत पडली आणि निहारने पडद्यामागे उभं राहून कार्यक्रम उरकला. फरशी पुसून होईपर्यंत मसाला करपला. मंगळवारी तो वीस मिनिटं पॉटीवर ऐटीत बसला, एक केळं खाल्लं, उठला आणि सरळ दिवाणावर गेला. अनसूयाबाई खुर्चीतून "शूऽऽ शूऽऽ" करून दमल्या. यतीन कामावरून आला की आधी फरशीकडे बघायचा, मग बायकोच्या तोंडाकडे, आणि काही न विचारता पाव आणायला खाली उतरायचा. शहाणा नवरा.

शुक्रवारी सकाळी रसिकाने हार मानून नुसता वरण-भाताचा कुकर लावला. निहार हॉलमध्ये गाड्या लावत बसला होता. कुकर फुसफुसला, शिट्टी झाली, आणि निहार हातातली गाडी टाकून पळत गेला, चड्डी खाली ओढली आणि पॉटीवर बसला. झालं! रसिका डाव हातात घेऊन बघतच राहिली. संध्याकाळी बटाटे उकडायला लावले, तर पुन्हा तेच.

"अगं, ही सवय मीच लावलीये," अनसूयाबाई कपाळावर हात मारत म्हणाल्या. "तान्हा होता तेव्हा रोज सकाळी त्याला पायांवर घेऊन मोरीत बसायचे ना मी? तेवढ्यात तुझा कुकर व्हायचा. मग माझे गुडघे गेले आणि तुमचे डायपर आले. पोराने लक्षात ठेवलंय बघ."

रसिकाने त्याच रात्री जेवणाचा कागद फाडला आणि नवा आखला. आता पदार्थ नव्हते, शिट्ट्या होत्या. नऊ वाजता बटाटे, साडेबाराला वरण-भात, चारला रताळी नाहीतर शेंगा, सातला खिचडी. जे जे कुकरमध्ये शिजतं ते ते त्या घरात शिजू लागलं, आणि जे शिजत नाही त्याची नावंसुद्धा कोणी काढेना. शेजारच्या कागदावर चांदण्या चिकटू लागल्या. चौथ्या दिवशी समोरच्या चंपाबेननी बेल वाजवली.

"रसिका, दिन में चार बार कुकर? मेहमान आये हैं क्या?"

"नहीं चंपाबेन, बस ऐसे ही," रसिका म्हणाली. खरं सांगायचं तर कुठून सुरुवात करायची?

दुसऱ्या रविवारी चांदण्यांची ओळ पूर्ण भरली. रसिका खुशीत होती. नवी पाण्याची बाटली, दप्तर, चार चड्ड्या, सगळं तिने काढून ठेवलं. यतीन सलग नवव्या दिवशी खिचडी कालवत होता. कुरकुर त्याने एकदाही केली नव्हती, पण आता त्याने मान वर केली.

"रसिका, प्लेस्कूलमध्ये कुकर कुठेय?"

इतकं आखलं, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही! रसिकाने धावत जाऊन पुन्हा कुकर लावला, मोबाइलवर शिट्टी रेकॉर्ड केली आणि निहारला ऐकवली. निहारने मोबाइलकडे पाहिलं आणि कार्टून लाव म्हणून हात पुढे केला. त्या रात्री तिला रडूच येत होतं, आणि अडीच वर्षांच्या पोरावर रुसण्यात काही अर्थ नाही हे कळत असल्यामुळे जास्तच येत होतं.

सोमवारी प्लेस्कूलच्या दारात तिने लुईझा टीचरना सगळं खरं सांगून टाकलं. लुईझा टीचर उत्तनच्या. मुलांशी इंग्रजी बोलत, पण आयांशी त्यांची गावची बोली सुटायची.

"टेन्शन घेऊ नको. कपडे दिलेस ना दोन जोडी? जा तू. पण रोज रोज ओला झाला तर मला न्हाय ठेवता येनार, ते पण सांगते."

ऑफिसात रसिकाने जुना पासवर्ड तीनदा चुकवला. डबा उघडला तर उकडलेल्या बटाट्याची भाजी. तिने झाकण परत लावून टाकलं. पावणेएकला फोन वाजला. लुईझा टीचर हसत होत्या.

"अगो, तुझा पोर खेळता खेळता उभा राहिला, गाल फुगवले, आणि तोंडानेच शिट्टी मारली. आन् चालला बाथरूमला! एकदम कोरडा हाय. आता बाकीची पोरं पण शिट्ट्या मारतायत, माझं डोकं उठलंय."

रसिकाचा जीव भांड्यात पडला. भाजी तिने बोटं चाटून संपवली.

संध्याकाळी निहारला प्लेस्कूलमधून घेऊन घरी पोचल्यावर पर्स टेबलावर टाकून तिने हात धुतले आणि सवयीने खिचडीचा कुकर चढवला. निहार आजीच्या पायाशी गाड्यांची रांग लावत होता. शिट्टी झाली. रसिका बाथरूममधली पिवळी पॉटी उचलून हॉलमध्ये धावली.

"निहार, शिट्टी झाली! चल, चल."

त्याने मानसुद्धा वर केली नाही. लाल गाडी निळीच्या मागे नीट सरळ लावली.

"ती भाताची शिट्टी," तो म्हणाला. "माझी नाय."

अनसूयाबाई खो खो हसल्या. रसिकाही हसली, पण पॉटी हातात धरून ती जराशी तिथेच उभी राहिली. पंधरा दिवस तिला हेच हवं होतं, आणि आता ते मिळालं होतं. पोरगं एका दिवसात तिच्या हातून थोडं सुटलं होतं. तिने गॅस बारीक केला, पॉटी जागेवर ठेवली आणि फ्रिजवरच्या कागदावर उद्याच्या सातच्या शिट्टीवर काट मारून लिहिलं, भरली वांगी.