अर्ध्या तासाची बरणी

माझी आत्या आमच्या गावच्या सांडपाण्याची टाकी सांभाळायची. समुद्राकाठचं दीडशे घरांचं गाव. मी लहान असताना सगळ्या मोऱ्या आणि संडास थेट खाडीत सुटायचे आणि आम्ही मुलं पोहायला उतरण्याआधी वारा कुठून येतो ते बघायचो. टाकी बांधली तेव्हा ती चालवायला कुणी पुढे येईना. आत्या म्हणाली, मी बघते. घरच्यांनी नाकं मुरडली. तिने मुरडू दिली.

टाकीत पंपाने हवा सोडलेली असे आणि तपकिरी पाणी सारखं खदखदत असे. त्यातले जंतूच घाण खातात, हे मी आत्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं, की मला कळलं आहे असंच मी धरून चालले होते. रोज सकाळी ती टाकीतलं बरणीभर पाणी खिडकीत ठेवायची. अर्ध्या तासात गाळ तळाशी बसून वर नितळ पाणी उरलं, की जंतू खूश. मगच ती चहा घ्यायची.

तिने टाकी हाती घेतल्याच्या सहाव्या वर्षी पत्र आलं. सोमवारी तपासनीस येणार. पाणी नापास झालं तर टाकीला कुलूप आणि मोऱ्या पुन्हा खाडीत. आत्याचं जेवणातलं लक्ष उडालं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, गावातलं किराणा दुकान चालवत होते. वाटलं, आपणही हातभार लावावा. गुरुवारी ब्लीचिंग पावडरची गोणी फोडली आणि घरोघर वाटली. बायकांनी कंबर कसून मोऱ्या घासल्या, संडास घासले. एका म्हातारीने तर शेजारणीचीही मोरी घासून दिली आणि वर तिला ऐकवलं, की तुमच्या फरशीचा रंग पांढरा आहे हे आज कळलं. संध्याकाळी गावभर दवाखान्यासारखा वास. आत्याला मी मुद्दामच काही सांगितलं नाही. म्हटलं, सुखद धक्का देऊ.

शुक्रवारी सकाळी बरणीला अर्धा तास झाला, तास झाला. पाणी राखाडी आणि गढूळ ते गढूळच. आत्याने बरणी हुंगली आणि तडक माझ्या दुकानात आली.

"मोरीत काय ओतलंत?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती तांदळाच्या पोत्यावर बसली.

"अगं, जे राबत होते त्यांनाच मारलंस की गं."

मी रडायला लागले, तेव्हा तिनेच माझी समजूत काढली. नव्याने जंतू वाढायला तीन आठवडे लागतात, पण विरजण लावतात तसा दुसरीकडचा जिवंत गाळ घातला, तर दोन-तीन दिवसांत टाकी सावरेल. अडचण एकच होती. असा गाळ फक्त खाडीपलीकडच्या गावात आणि तिथल्या टाकीवर फेसवाला. त्याने चार वर्षांपूर्वी भर बैठकीत म्हटलं होतं, की हिच्या टाकीवर भांडी घासल्यासारखा फेस येतो. हे टोपणनाव आत्यानेच ठेवलं आणि तेव्हापासून दोघांचा अबोला.

मी म्हटलं, चूक माझी, मी जाते. ती म्हणाली, तू होडीत बस आणि तोंड बंद ठेव.

फेसवाला गुडघाभर रबरी बुटांत उभा राहून सगळं ऐकत होता.

"पावडर? सगळ्या गावाने?"

"सगळ्या गावाने. एकाच दिवशी."

त्याने मान खाली घातली. खांदे मात्र हलत होते. "तुमच्या गावात इतकी एकी आहे, ठाऊक नव्हतं मला."

आत्याच्या ओठावर काय काय आलं ते मला दिसलं. तिने ते गिळलं.

"गाळ देता का? आणि फेसाचं तुम्ही म्हणालात ते खरं होतं. पंप लहान होता."

"ते मी चारचौघांत बोलायला नको होतं," तो म्हणाला. "ड्रम आणलेत का?"

मासळीच्या ड्रमांतून, माझ्या दिराच्या होडीने आम्ही सहा खेपा केल्या. दीर प्रत्येक खेपेला विचारायचा, "वहिनी, हा माल कुठल्या बाजारात न्यायचा?" फेसवालाही शेवटच्या खेपेला आमच्याबरोबर आला आणि पंप नीट लावून गेला. आत्याने गावाला ताकीद दिली, की सोमवारपर्यंत मोरीला कुणी हात लावायचा नाही. बायका इतक्या धसकल्या होत्या, की त्यांनी भांडीसुद्धा नुसत्या पाण्याने विसळली.

शनिवारी बरणी गढूळ. रविवारी वर बोटभर नितळ. सोमवारी तपासनिसाने स्वतः बरणी भरून खिडकीत ठेवली आणि घड्याळ काढलं. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी. गाळाची रेघ हळूहळू खाली सरकत गेली आणि अर्ध्या तासाने वरच्या पाण्यातून पलीकडची खाडी दिसायला लागली. मी आत्याचा हात दाबला, तेव्हा कुठे ती वळली. बराच वेळ बघत राहिली आणि मग तपासनिसाला म्हणाली, "चहा घेणार?"

पंधरा दिवसांनी निकाल आला. पाणी उत्तम, टाकी चालू ठेवावी. खाली तपासनिसाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली होती: गावातील मोऱ्या फार अस्वच्छ आढळल्या, ग्रामस्थांनी लक्ष द्यावे.

आत्या हसून हसून खोकली. मग तिने ते पत्र माझ्या दुकानात, पावडरच्या फळीवर चिकटवलं. दुकान बंद करून आता बारा वर्षं झाली. पत्र अजून तिथेच आहे.