होमबळी

पाळकसाहेब, दुसऱ्याच्या घरातलं माणूस तुम्ही वेदीवर चढवलंत आणि वर 'आमेन'ही तुम्हीच म्हणालात. हात झटकून मोकळे झालात. मागे काय झालं ते आता ऐका.

वडील गेले तेव्हा थोरली ऐन विशीत होती आणि आई अर्ध्या अंगाने अंथरुणाला खिळलेली. अंत्यविधीची प्रार्थना संपल्यावर पाळकसाहेबांनी थोरलीला पुढे बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भर मंडळीत सांगितलं, "जुन्या काळी इब्री लोक होमबली अर्पण करत. त्यातलं मागे काही ठेवायचं नाही, सगळं जाळायचं. ही मुलगी आईसाठी तशी अर्पण झाली आहे."

लोकांनी डोळे पुसले. धाकट्या भावाला तेव्हा होम म्हणजे होमवर्कातलं होम एवढंच ठाऊक. होमबळी म्हणजे घरासाठी दिलेला बळी, असा त्याने सरळ अर्थ लावला आणि ते नाव चिकटलं. "होमबळी, माझा शर्ट कुठाय?" थोरली हसायची आणि शर्ट काढून द्यायची. चूक कोणी दुरुस्त केली नाही. दुरुस्त करण्यासारखं त्या चुकीत होतं काय?

धाकटा शिकला, परगावी गेला. थोरली पडदे शिवायची. मशीन आईच्या पलंगाला लागूनच. आईचे शब्द अर्ध्या तोंडातून उशिरा यायचे. येणारेजाणारे तिचं वाक्य संपायच्या आत मान हलवून मोकळे होत. थोरली मात्र मशीनचं चाक हाताने धरायची आणि थांबायची.

असाच थांबणारा दुसरा एक निघाला. सोफे दुरुस्त करणारा विधुर, उशांची कव्हरं शिवून घ्यायला आलेला. काम करताना बारीक खिळे तोंडात धरायची त्याला सवय. आई म्हणाली, "तोंडात खिळे धरणारा नवरा बरा. उलट बोलत नाही." थोरली कानापर्यंत लाल झाली. सोफेवाल्याने आपल्या घराचा उंबरा काढून टाकला, आईची चाकाची खुर्ची आत यावी म्हणून. आता राहिली होती ती चर्चमधली लग्नाची घोषणा; पाळकाने ती केल्याशिवाय लग्न लागत नाही.

त्यासाठी शनिवारी दुपारी पाळकसाहेब घरी आले. खुर्चीवर बसले ते आईकडे पाठ करूनच.

"मुलींना मी तुझंच उदाहरण देतो," ते थोरलीला म्हणाले. "वेदीवरचं परत उचलायचं नसतं, बाळ. घोषणा करायला माझी जीभ उचलत नाही."

"आईला बरोबरच नेतेय, साहेब."

"नवरा आला की मायेचे वाटे होतात. आईला काय उरेल?"

थोरलीने मान खाली घातली. सरळ घातलेली टीप ती उगाचच उसवायला लागली. हीच भीती तिला आतून कुरतडत होती. 'राहू दे मग' हे शब्द तिच्या ओठांवर आलेही होते.

"सा... साहेब," आई म्हणाली.

"हो, हो, देव तुमच्याबरोबर आहे," म्हणत पाळकसाहेब उठलेच.

"बसा," थोरली म्हणाली. आपला असा आवाज तिनेही प्रथमच ऐकला. "तिचं बोलून व्हायचंय."

ते बसले. आईचे शब्द तुटत होते, लाळ ओघळत होती, एका हाताने मशीनचं चाक धरून थोरली दुसऱ्याने पुसत होती. इथे सलग लिहिलंय, एवढंच.

"गेल्या महिन्यात तुम्हीच सांगितलंत. ख्रिस्ताने स्वतःला दिलं, एकदाच, सगळ्यांसाठी. तेव्हापासून वेदी थंड. मग माझी पोर अजून का धुमसतेय?"

"ते पापक्षमेबद्दल होतं, आई. ही तर सेवा आहे."

"सेवा ती करते. जाळता तुम्ही." आईने दम घेतला. "आणि ते दुसरं अर्पण? शांत्यर्पण. तेही तुम्हीच शिकवलंत. थोडं देवाचं, थोडं याजकाचं, उरलेलं देणाऱ्याने घरच्यांबरोबर बसून खायचं. हिच्यासाठी ते नाही आठवलं? वाटे होतील म्हणता. होऊ देत की! वाटे झाल्याशिवाय पंगत कसली?"

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. "मंडळी म्हणजे माझा कळपच आहे, आई. मी चांगल्यासाठीच..."

"कळप राखायला दिला होता, साहेब. अर्पण करताना ज्याचं जनावर त्यानेच त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. ही तुमची नव्हती. माझीही नव्हती. मी तेव्हा गप्प पडून राहिले, मला गरज होती म्हणून."

आईचा चालता हात चाचपडत वर आला आणि थोरलीच्या केसांवर टेकला. त्या हाताला वजनच नव्हतं. थोरलीने डोळे मिटले. चाक धरलेलं सुटलं आणि मशीनची सुई रिकामीच एकदा खालीवर झाली.

पाळकसाहेबांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

"मानेने नको," आई म्हणाली. "तोंडाने सांगा. उद्या घोषणा करताय की नाही? घ्या वेळ. आम्हाला थांबायची सवय आहे."